घरच्या मत्स्यपेटीत वाम माशाचे संगोपन

पावसाळा ओसरून नद्यांचे पाणी निवळू लागले म्हणजे काठच्या गावांतील मुले उथळ पाण्यात फडकी लावून मासे धरू लागतात. लहानसहान मासळीबरोबर कधी कधी वीतभर लांबीचा, सापासारखा लांबोडा आणि टोकदार नाकाचा एक मासा हाती येतो. हाच वाम होय. मुले तो बरणीत घालून घरी आणतात व एकदोन दिवस कौतुकाने पाहतात. पुढे एका सकाळी तो बरणीबाहेर जमिनीवर वाळून पडलेला आढळतो, नाहीतर पोट खपाटीला जाऊन आतच मरतो. दुकानातून वाम विकत आणून पेटीत सोडणाऱ्या हौशी लोकांनाही पुष्कळदा हाच अनुभव येतो.

वाम नाजूक आहे म्हणून असे घडते, ही समजूत बरोबर नाही. नदीत तो चांगला काटक मासा आहे. पेटीत तो दगावतो, याचे कारण त्याला रंगीत शोभेच्या माशांसारखेच वागविले जाते हे होय. शोभेचे बहुतेक मासे पाण्याच्या मधल्या थरात राहतात, दिवसा हिंडतात आणि वर टाकलेले कोरडे खाद्य खातात. वाम तळाशी राहतो, रात्री हिंडतो आणि जिवंत भक्ष्य शोधून खातो. त्याचे खरे घर पाणी नव्हे, तर पाण्याखालची वाळू आहे. ही एक गोष्ट नीट समजली तर त्याच्या संगोपनातील बाकीच्या गोष्टी आपोआप उलगडतात.

या माशाची निगा काळजीपूर्वक घ्यावयाची, याला आणखीही एक कारण आहे. घरच्या पेटीत वामची वीण सहसा होत नाही. त्यामुळे पाळण्यासाठी मिळणारे बहुतेक वाम हे नदी, ओढा किंवा तलाव यांतून धरलेले असतात. निष्काळजीपणाने मेलेल्या प्रत्येक वामची जागा भरण्यासाठी नदीतून आणखी एक वाम काढला जातो.

वामची ओळख

महाराष्ट्रात कृष्णा, भीमा, गोदावरी व त्यांच्या उपनद्यांत जो मोठा वाम मिळतो, त्याचे शास्त्रीय नाव मॅस्टासेम्बेलस आर्मेटस असे आहे. लासेपेद या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८०० साली त्याचे वर्णन केले. पाकिस्तानपासून व्हिएतनामपर्यंतच्या गोड्या पाण्यात तो आढळतो. काही भागांत त्याला वांब किंवा वांबट असेही म्हणतात. किनाऱ्यावरील बाजारात वाम या नावाने विकली जाणारी समुद्रातील मासळी मात्र वेगळ्या जातीची आहे.

वाम सापासारखा दिसत असला तरी तो अहीर नव्हे. अहीर अंडी घालण्यासाठी नदीतून समुद्रात जातो. वामचे सर्व आयुष्य गोड्या पाण्यातच जाते. दोहोंतील फरक ओळखण्याची खूण सोपी आहे. वामच्या पाठीवर मऊ पराच्या पुढे सुट्या, आखूड आणि तीक्ष्ण काट्यांची लांब ओळ असते. मोठ्या वाममध्ये हे काटे तीसांहून अधिक असतात. एरवी ते पाठीला चिकटून असतात. परंतु मासा मुठीत धरला की तो अंग वळवून मागे सरकतो व काटे हातात रुततात. त्याच्या नाकाचे टोक मांसल असून लांब पुढे आलेले असते. हे टोक इकडेतिकडे हलवून, वास घेत व चाचपत, तो अंधारात भक्ष्य शोधतो.

मोठा वाम सामान्यतः ६० सेंटीमीटरपर्यंत वाढतो. ९० सेंटीमीटर लांबीच्या वामचीही नोंद आहे. बोटाएवढे पिल्लू आणताना ही गोष्ट विसरू नये. ज्यांच्याकडे जागा कमी आहे त्यांनी लहान जातीचा वाम निवडावा. मॅक्रोग्नॅथस पँकॅलस ही अशी एक भारतीय जात आहे. हॅमिल्टन यांनी गंगेतील माशांविषयीच्या आपल्या १८२२ सालच्या ग्रंथात तिचे वर्णन केले आहे. ती साधारण १५ ते १८ सेंटीमीटर लांबीची होते. दुकानांत मिळणारे मयूर वाम व अग्नी वाम हे आग्नेय आशियातील परदेशी मासे आहेत. त्यांपैकी अग्नी वाम १ मीटरपर्यंत वाढत असल्याने सामान्य घरातील पेटीला तो योग्य नाही.

पेटी व तिची जागा

लहान जातीच्या एकदोन वामांसाठी ९० सेंटीमीटर लांब, ३० ते ३८ सेंटीमीटर रुंद व तितकीच उंच पेटी पुरते. मोठ्या वामचे पिल्लू वाढवावयाचे असल्यास किमान १२० सेंटीमीटर लांब व ४५ सेंटीमीटर रुंद पेटी घ्यावी आणि मासा वाढल्यावर आणखी मोठ्या पेटीची सोय करावी. वामच्या दृष्टीने पेटीच्या उंचीपेक्षा तळाचे क्षेत्र महत्त्वाचे आहे. माशाला सहज वळता येईल इतकी रुंदी तिला असलीच पाहिजे.

१२० सेंटीमीटर लांब, ४५ सेंटीमीटर रुंद व ४५ सेंटीमीटर उंच पेटी वाळू व पाणी भरल्यावर सुमारे ३ क्विंटल वजनाची होते. ती साध्या टेबलावर किंवा भिंतीतील फळीवर ठेवू नये. सपाट व पक्क्या ओट्यावर, काचेखाली थर्माकोलचा तुकडा घालून ती ठेवावी. खिडकीतून थेट ऊन येणारी जागा टाळावी. उन्हाने पाणी तापते व शेवाळही माजते.

पेटीवर घट्ट झाकण असणे अत्यावश्यक आहे. वाम रात्री काचेच्या कडेने वर चढतो आणि नाक घुसेल एवढी फट सापडली तरी तीतून बाहेर पडतो. हवेच्या नळीसाठी ठेवलेली भोकेही स्पंजाने बुजवावीत. झाकणाला हवेसाठी बारीक जाळी असावी. पाणी काठापासून ५ सेंटीमीटर खाली ठेवावे. मासा बाहेर पडलेला आढळला व त्याचे अंग अद्याप ओलसर असले, तर तो मेला असे समजून टाकून देऊ नये. पेटीतील पाण्याने अंगावरची धूळ हलकेच धुऊन त्याला परत पाण्यात सोडावे. पुष्कळदा असा मासा सावरतो.

वाळूचे अंथरूण

पेटीत ५ ते ८ सेंटीमीटर जाडीचा बारीक वाळूचा थर द्यावा. वाम या वाळूत अंग हलवीत शिरतो आणि नाकाचे टोक व डोळे तेवढे बाहेर ठेवून दिवसभर पडून राहतो. असे लपता आले म्हणजे तो निर्धास्त होतो, अन्न घेऊ लागतो व त्याच्या अंगावरील खुणा स्पष्ट दिसतात. लपावयास जागा न मिळाल्यास तो काचेला नाक घाशीत फिरतो, नाकास जखम करून घेतो व अन्न सोडतो.

वाळूचे कण बारीक व गोलसर असावेत. खडी फोडून केलेली कृत्रिम वाळू बांधकामास योग्य असली तरी तिचे कण धारदार असतात. वामचे खवले अगदी बारीक असल्यामुळे अशा वाळूने त्याचे अंग खरचटते आणि जखमेत रोगजंतूंचा शिरकाव होतो. शोभेसाठी विकले जाणारे रंगीत खडेही याच कारणास्तव वापरू नयेत. मुठीत घेऊन जोराने चोळली असता टोचत नाही, ती वाळू योग्य समजावी. वर सांगितलेल्या १२० सेंटीमीटरच्या पेटीत ६ सेंटीमीटर थरासाठी सुमारे ५० किलो वाळू लागते. वाळू चाळून, बादलीत ढवळून, वरचे पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावी.

वाळू एकाच जागी पुष्कळ दिवस दबून राहिली तर खालचा थर काळा पडतो व त्यास कुजलेल्या अंड्यासारखा वास येऊ लागतो. मासा नसलेल्या भागातील वाळू आठवड्यातून एकदा काडीने हलवीत गेल्यास असे होत नाही.

वाळूखेरीज लपण्यासाठी कौलांचे तुकडे किंवा सिंचनाच्या पीव्हीसी नळीचे हातभर तुकडे ठेवावेत. ज्या नळीतून खत किंवा औषध सोडले गेले आहे ती नळी घेऊ नये. कापलेल्या कडा घासून गुळगुळीत कराव्यात. जड दगड वाळूवर न ठेवता पेटीच्या तळावर टेकवून मग भोवती वाळू घालावी. वाम दगडाखालची वाळू उकरतो व दगड कलंडून त्याखाली चिरडला जाण्याचा संभव असतो. वाळूत लावलेल्या वनस्पती तो उपटून टाकतो. म्हणून त्या लहान कुंडीत लावाव्यात किंवा हायड्रिलासारखी वनस्पती पाण्यात सुटी सोडावी.

पाणी तयार करणे

पेटी भरून त्याच दिवशी मासा सोडणे ही सर्वांत मोठी चूक होय. ती का, हे शेतकऱ्यास सहज समजेल. जमिनीत युरिया घातला म्हणजे त्याचा अमोनिया होतो. मातीतील जिवाणू अमोनियाचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात आणि पीक नायट्रेट घेते. पेटीतही हेच घडते. माशाच्या श्वासावाटे व मलमूत्रातून तसेच उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही माशास विषारी आहेत, तर नायट्रेट त्या मानाने सौम्य आहे. नव्या पेटीत हे काम करणारे जिवाणू नसतात. ते वाढण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात.

म्हणून प्रथम वाळू, पाणी व हवेच्या पंपावर चालणारी स्पंजाची गाळणी बसवून पेटी चालू करावी व रोज चिमूटभर मत्स्यखाद्य तीत टाकीत जावे. एखाद्या जुन्या, निरोगी पेटीतील वापरलेला स्पंज मिळाल्यास काम लवकर होते. पाणी तपासण्याच्या साध्या संचाने अमोनिया व नायट्राइट या दोहोंचे प्रमाण शून्य आल्यावरच मासा आणावा.

नळाच्या पाण्यात जंतुनाशक क्लोरीन असते. त्यामुळे जिवाणू व मासा या दोघांनाही अपाय होतो. असे पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून किंवा सोडियम थायोसल्फेट घालून वापरावे. विहिरीच्या किंवा विंधन विहिरीच्या पाण्यात प्राणवायू कमी असण्याचा संभव असल्याने ते काही तास हवा सोडून घ्यावे. पाण्याचे तापमान २३ ते २८ अंश सेल्सिअस असावे. उन्हाळ्यात ते याहून वाढल्यास हवेचा पुरवठा वाढवावा, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो.

दर आठवड्यास पेटीतील चौथाई पाणी काढून तितकेच तयार पाणी घालावे. काढलेल्या पाण्यात नायट्रेट असल्यामुळे ते परसबागेतील झाडांना द्यावे. मात्र पेटीत मीठ किंवा औषध घातलेले असल्यास ते पाणी झाडांना देऊ नये. गाळणीचा स्पंज नळाच्या पाण्याने न धुता पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा, म्हणजे त्यातील जिवाणू नष्ट होत नाहीत.

वीज गेल्यास त्या काळात मासे उपाशी ठेवावेत आणि दर अर्ध्या तासाने तांब्याने पाणी काढून थोड्या उंचीवरून परत ओतावे. जेथे वीज वारंवार जाते तेथे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असणे बरे.

मासा आणणे व सोडणे

गळाला लागलेला वाम पाळण्यासाठी घेऊ नये. तोंडाच्या व पोटातील जखमेमुळे तो बहुधा जगत नाही. सापळ्यात किंवा फडक्यात सापडलेला, अंगावर जखम नसलेला, पाठ भरलेली असलेला मासा निवडावा. वाम जाळीने उचलल्यास त्याचे काटे जाळीत अडकतात व सोडविताना फाटतात. त्यासाठी त्याला पाण्यासह भांड्यात घ्यावे. पातळ प्लास्टिकच्या पिशवीस काटे भोके पाडतात, म्हणून झाकणाच्या डब्यातून न्यावे.

घरी आणल्यावर डब्यात पेटीतील पाणी वाटी वाटीने घालीत तासाभराने मासा सोडावा. पेटीत आधीचे मासे असल्यास नव्यास २ ते ३ आठवडे निराळे ठेवून मगच त्यांच्यात सोडावा.

अन्न

पेटीतील बहुतेक वाम रोगापेक्षा उपासाने मरतात. दिवसा वर टाकलेले खाद्य इतर मासे संपवितात आणि रात्री वाम बाहेर येतो तेव्हा काही उरलेले नसते. हे कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून वामला दिवा मालविल्यानंतर, त्याच्या लपण्याच्या जागेजवळ तळाशी अन्न द्यावे. अन्न लांब चिमट्याने किंवा रुंद नळीतून सोडल्यास ते नेमके तेथे पोहोचते.

गांडूळ हे वामचे आवडते अन्न आहे. ओलसर परसातून, जेथे कीटकनाशक किंवा तणनाशक मारलेले नाही अशा जागेतून गांडुळे काढावीत. ती एक रात्र ओल्या फडक्यात ठेवली म्हणजे पोटातील माती टाकतात. नंतर धुऊन, माशाच्या तोंडाच्या मानाने तुकडे करून द्यावीत. गांडूळखताच्या वाफ्यातील लाल गांडुळांना उग्र वासाचा स्राव असल्याने काही मासे ती तोंडात घेऊन टाकून देतात. यांखेरीज डासांच्या अळ्या, पाण्यातील तांबड्या अळ्या व सोललेल्या ताज्या कोळंबीचे तुकडे द्यावेत. गटारातून आणलेले किडे देऊ नयेत. त्यांतून रोग येतो.

पिल्लांना रोज थोडे व मोठ्या माशांना आठवड्यातून तीनचार वेळा अन्न पुरते. सकाळी उरलेले अन्न काढून टाकावे. नवा मासा काही दिवस खात नाही. अशा वेळी जिवंत गांडूळ देऊन पाहावे व पेटीभोवती गडबड होऊ देऊ नये. डोक्यामागचा भाग बारीक होऊन पाठीची कड वर दिसू लागली, तर मासा उपाशी आहे असे निश्चित समजावे.

सोबती

वामच्या तोंडात मावेल तो मासा त्याचे भक्ष्य होय. म्हणून गप्पीसारखे लहान मासे त्याच्याबरोबर ठेवू नयेत. तिलापियासारखे भांडखोर मासेही सोबतीस योग्य नाहीत. मध्यम आकाराचे शांत बार्ब किंवा गुरामी चालतात. मोठ्या जातीचा वाम पेटीत एकच असावा. लहान जातीचे दोन वाम ठेवल्यास प्रत्येकाला निराळी नळी व निराळा कोपरा मिळेल असे करावे.

रोग व विषबाधा

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसणे हा पेटीतील नेहमीचा रोग आहे. इतर माशांना चालणारी औषधे वामला त्याच मात्रेत सोसत नाहीत. विशेषतः तांबे असलेली औषधे टाळावीत. शेतकऱ्यांच्या घरी मोरचूद असते व ते बुरशीवर चालते हे त्यांना ठाऊक असते. परंतु चिमूटभर मोरचूदही पेटीतील वामचा जीव घेऊ शकते. ठिपके दिसू लागताच पाणी बदलावे, हवा वाढवावी, तापमान दोन दिवसांत हळूहळू ३० अंशांपर्यंत न्यावे व मत्स्यतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

पिकावर फवारणी करून आलेल्या माणसाने पेटीत हात घालू नये. पायरेथ्रॉइड वर्गातील कीटकनाशके माशांना अत्यल्प प्रमाणातही मारक असतात. डास मारण्याच्या अनेक वड्या, द्रव व फवारे यांत याच वर्गातील द्रव्ये असतात आणि पेटीचा पंप खोलीतील हवाच पाण्यात सोडीत असतो. म्हणून पेटीच्या खोलीत अशी साधने वापरू नयेत.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. पेटी ४ ते ६ आठवडे आधी चालू करावी.
२. तळाशी बारीक, गोलसर वाळू ५ ते ८ सेंटीमीटर घालावी.
३. झाकणात फट ठेवू नये.
४. अन्न रात्री, तळाशी द्यावे.
५. दर आठवड्यास चौथाई पाणी बदलावे.
६. मोरचूद व कीटकनाशके यांचा पेटीशी संबंध येऊ देऊ नये.
७. पाळलेला वाम, मग तो देशी असो वा परदेशी, विहिरीत, तळ्यात किंवा नदीत सोडू नये. त्याच्याबरोबर रोग जातात आणि परदेशी मासा तेथे वाढल्यास स्थानिक माशांच्या अन्नावर घाला पडतो. सांभाळणे अशक्य झाल्यास तो शाळेस, महाविद्यालयास किंवा दुसऱ्या जाणकार पाळणाऱ्यास द्यावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावच्या शाळेत अशी एखादी पेटी उभी करण्यास साहाय्य केल्यास तिचा दुहेरी उपयोग होईल. सायंकाळी मंद तांबडा दिवा लावून मुलांना पेटीपाशी बसवावे. थोड्या वेळाने वाळू हलते, नाकाचे टोक बाहेर येते आणि जेथे काहीच नाही असे वाटत होते तेथून हातभर मासा सरकत बाहेर पडतो. नदीचे पात्र म्हणजे नुसती उचलून नेण्याची वाळू नव्हे, तीत जीव राहतात, ही गोष्ट मुलांना मग निराळी शिकवावी लागत नाही. वाळू उपसून पात्र खडकापर्यंत उघडे पडले तर वाम कोठे लपणार, हा प्रश्न मुले स्वतःच विचारतील. त्या प्रश्नाचे उत्तर गावातील मोठ्या माणसांनी द्यावयाचे आहे.